शूर्पणखेचं माहेर

(नाशिक येथील स्मृतिव्याख्यानमालेत दिलेलं व्याख्यान)



व्हिडिओ गेममधल्या खलनायकांची आपापसांतली नाती भाषांतरात कशी बदलतात, या विषयावर मी बोलावं असं व्याख्यानमालेच्या कार्यकर्त्यांनी सुचवलं. तरुण श्रोते यावेत हा त्यामागचा हेतू, आणि ते आलेही आहेत. विषय मी मनापासून घेतला आहे. गेमपासून सुरुवात करते. पण नाशकात उभं राहून या विषयावर बोलायचं तर फार वेळ गेममध्ये थांबता येणार नाही. का, ते कळेलच.

निन्तेन्दो या जपानी कंपनीचा ‘सुपर मारिओ ब्रदर्स ३’ हा गेम १९८८ साली जपानात आला आणि १९९० साली अमेरिकेत. त्यातला खलनायक बाउझर हा कासवांचा राजा. त्याच्या बाजूने सात छोटे खलनायक एकेका राज्यावर ठाण मांडून बसलेले असतात. गेम अमेरिकेत नेताना तिथल्या मंडळींनी या सातांपैकी बहुतेकांना गायक-वादकांची नावं दिली. लुडविग हे नाव बेथोव्हेनवरून, रॉय हे रॉय ऑर्बिसनवरून, वेंडी हे वेंडी ओ. विल्यम्सवरून. अमेरिकन पोरांनी त्यांना ओळखलं ते बाउझरची मुलं म्हणून. त्याच वर्षी तिथे कार्टून मालिका निघाली, तिच्यात सातांची नावं पुन्हा बदलली, पण बाप तोच राहिला. पुढे २०१२ साली या गेमचे जनक शिगेरू मियामोतो यांनी ‘गेम इन्फॉर्मर’ या अमेरिकन मासिकाला सांगितलं की आमच्या सध्याच्या कथेप्रमाणे ही सात बाउझरची मुलं नाहीत. त्याला एकच मुलगा, बाउझर ज्युनियर, आणि त्याची आई कोण हे आम्हालाही ठाऊक नाही.

दोन दशकं मुलं म्हणून वावरलेली सात जणं एका मुलाखतीत नुसती हाताखालची माणसं झाली. लहानपणी हा गेम खेळलेल्या कित्येकांना याचं वाईट वाटलं, आणि त्यांचं वाईट वाटणं मला पोरकट वाटत नाही. बापासमोर त्याची सात मुलं एकामागून एक हरतात, ही एक गोष्ट. राजाचे सात सरदार हरतात, ही दुसरी. चित्रं तीच, उड्या त्याच, संगीत तेच. शेवटच्या लढाईत समोर उभा असलेला बाउझर मात्र दोन्हीकडे एकच राहत नाही.

गेमच्या भाषांतरात नाती इतकी का हलतात, याचं एक कारण कामाच्या पद्धतीत आहे. भाषांतरकाराला बहुतेक वेळा गेम खेळायला मिळत नाही. त्याला मिळतो तक्ता: एका रकान्यात मूळ वाक्य, शेजारी रिकामा रकाना. कोण कोणाशी बोलतंय, वय काय, नातं काय, हे त्यात असेलच असं नाही. इंग्रजीत ‘ब्रदर’ एवढंच लिहिलेलं असतं, आणि जपानीत नेताना थोरला की धाकटा हे ठरवल्याशिवाय वाक्य पुरं होत नाही. मराठीत आणताना ‘अंकल’ आडवा येतो. तो काका, मामा, मावशीचा नवरा की आत्याचा नवरा? खलनायकाच्या बाबतीत ही निवड साधी राहत नाही. तुम्ही ‘काका’ लिहिलंत तर वाटणीचा, गादीचा वास येतो. नारायणराव पेशव्यांची आठवण ज्या भाषेत जागी आहे तिथे तो येणारच. ‘मामा’ लिहिलंत की कंस आणि शकुनी न बोलावता येऊन उभे राहतात. मूळ लेखकाच्या मनातही नसलेलं कपट त्या माणसाच्या कपाळी चिकटतं. आता आपापसांत कोण कोणाला अहोजाहो करतो, धाकटा भाऊ थोरल्याला दादा म्हणतो की नाव घेऊन हाक मारतो, हे सगळं पुन्हा भाषांतरकाराच्याच गळ्यात.

हे सगळं नवीन आहे असं आपण समजतो. पण ज्या शहराचं नाव एका खलनायिकेच्या कापलेल्या नाकावरून पडलं असं पिढ्यान् पिढ्या सांगितलं जातं, त्या शहराने तरी हे नवीन समजू नये.

तपोवनात कपिला-गोदावरीच्या संगमावर लक्ष्मणाने शूर्पणखेचं नाक कापलं, ही कथा इथल्या प्रत्येक रिक्षावाल्याला पाठ आहे. यात्रेकरूंना तो ती सांगतो. तिथून सीतागुंफा, काळाराम, मग परत. पण शूर्पणखा इथे काय करत होती? लंकेच्या राजाची बहीण गोदावरीच्या काठच्या रानात का राहत होती? हा प्रश्न मी अनेकांना विचारला आहे, आणि उत्तर क्वचितच मिळालं.

उत्तर वाल्मीकि रामायणाच्या उत्तरकांडात आहे. शूर्पणखेचं लग्न कालकेय दानवांपैकी विद्युज्जिह्वाशी झालं होतं. रावण दिग्विजयाला निघाला, कालकेयांशी त्याचं युद्ध झालं आणि त्या धुमश्चक्रीत त्याने स्वतःच्याच मेव्हण्याला मारलं. बहीण रडत लंकेत आली आणि भावाच्या पायाशी कोसळली. रावण म्हणाला की लढाईच्या भरात मला आपलं-परकं कळलं नाही. मग त्याने तिची सोय लावली: दंडकारण्यात खराबरोबर राहा, चौदा हजार राक्षस दिमतीला, दूषण सेनापती, आणि खर तुझ्या शब्दाबाहेर जाणार नाही. हा खर तिचा कोण? तर मावसभाऊ.

म्हणजे आपल्या पंचवटीत राम-लक्ष्मणांसमोर आलेली ही बाई भावाने विधवा केलेली आणि भावानेच माहेराबाहेर ठेवलेली होती. तिचं वागणं समर्थनीय ठरवण्यासाठी मी हे सांगत नाही. सीतेवर ती धावून गेली हे मूळ कथेत आहेच. पण ज्या कथनांत उत्तरकांड गळतं, त्यांत विद्युज्जिह्वही गळतो, आणि मग उरते ती रानात भटकणारी एक कामातुर राक्षसी. नवरा वगळला की बाई किती वेगळी दिसते! गदिमांच्या गीतरामायणात, १९५५-५६ च्या त्या छप्पन गीतांत, शूर्पणखेला स्वतःचा आवाज मिळाला, ती रावणाला सूड घ्यायला सांगते. त्या ओळी ऐकताना श्रोत्याला तिच्या नवऱ्याची हकीकत माहीत असेल, तर भावाकडे सूड मागणाऱ्या बहिणीच्या मनात आणखी कोणता हिशेब असेल, असा विचार त्याच्या मनात येईल. माहीत नसेल तर येणार नाही.

खराकडे परत येऊ. अरण्यकांडात शूर्पणखा रामाला आपली ओळख करून देते तेव्हा खर आणि दूषण यांना भाऊ म्हणते. उत्तरकांड म्हणतं मावसभाऊ. यात विसंगती आहे का? आपल्याला ती जाणवत नाही, कारण आपल्याकडे मावसभाऊ हा भाऊच असतो. राखी त्यालाही बांधतात. संस्कृतातही तसंच. ज्या भाषेत सख्खा आणि मावस यांच्यासाठी दोन तुटक शब्द आहेत, तिथल्या भाषांतरकाराला मात्र तळटीप लिहावी लागते.

महाभारताच्या वनपर्वात रामाची कथा मार्कंडेय युधिष्ठिराला सांगतो. तिथे हे घर आणखी वेगळं आहे. विश्रवा ऋषीच्या सेवेला कुबेराने तीन राक्षसकन्या पाठवल्या: पुष्पोत्कटा, मालिनी आणि राका. पुष्पोत्कटेचे रावण आणि कुंभकर्ण, मालिनीचा बिभीषण, आणि राकेची खर व शूर्पणखा ही जुळी. वाल्मीकीत कैकसी नावाची एकच आई होती; इथे तीन आया झाल्या. बिभीषण सावत्र झाला. मराठीत घर फोडणाऱ्याला आपण बिभीषण म्हणतो, आणि त्या शिवीत सगळा भार सख्खेपणाचा आहे. भाऊ सावत्र निघाला की ती शिवी निम्मी होते. उलट खर आता शूर्पणखेच्या पाठीला पाठ लावून आलेला भाऊ. मग जनस्थानाहून तो चौदा हजारांचं सैन्य घेऊन निघतो ते राज्याच्या इभ्रतीसाठी नाही, जुळ्या बहिणीच्या रक्ताळलेल्या चेहऱ्यासाठी. आपल्या शहराने आपल्या सर्वांत मोठ्या साहित्यपुरस्काराला जनस्थान हे नाव दिलं. ते या खराचं ठाणं होतं, हे त्या निमित्ताने आठवावं असं मला वाटतं.

आणि आता ज्या ग्रंथाबद्दल बोलायला मी खरी आले आहे, तो.

विमलसूरी नावाच्या जैन कवीने ‘पउमचरिय’ हे रामचरित्र लिहिलं. भाषा महाराष्ट्री प्राकृत, जैन ग्रंथकार वापरत त्या वळणाची. काळाबद्दल अभ्यासकांत मतभेद आहेत. पहिल्या शतकापासून पाचव्यापर्यंत मतं जातात. जैन परंपरेतलं हे सर्वांत जुनं उपलब्ध रामायण, आणि ते आपल्या मराठीच्या आजीच्या भाषेत आहे. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये केंद्राने मराठीबरोबर प्राकृतलाही अभिजात भाषेचा दर्जा दिला, तेव्हा आपण मराठीचे पेढे वाटले. प्राकृतचा आनंद कुणाला झाल्याचं मला फारसं दिसलं नाही.

या ग्रंथाच्या सुरुवातीलाच राजा श्रेणिकाला शंका येते: राक्षस माणसं खात, कुंभकर्ण सहा सहा महिने झोपे, हे खरं कसं मानायचं? उत्तरादाखल जी कथा सांगितली जाते तीत राक्षस हे विद्याधरांचं एक कुळ आहे, वानर हे दुसरं. रावणाला दहा तोंडं नाहीत. लहानपणी गळ्यातल्या हाराच्या रत्नांत त्याच्या चेहऱ्याची नऊ प्रतिबिंबं दिसली, म्हणून दशमुख. आणि नाती? बापाचं नाव रत्नश्रवा. ब्रह्मदेव, पुलस्त्य, विश्रवा ही ब्राह्मण वंशावळ कापून टाकलेली. कुबेर म्हणजे वैश्रवण हा आता सावत्र भाऊ नसून आईच्या बहिणीचा मुलगा. कुंभकर्णाचं नाव भानुकर्ण. शूर्पणखेचं नाव चंद्रनखा, सुपासारखी नखं जाऊन चंद्रासारखी आलेली. आणि खर हा तिचा नवरा.

भाऊ नवरा झाला. एवढ्या एका बदलाने सगळी अरण्यकथा पालटते. चंद्रनखा आणि खर यांचा मुलगा शंबूक. सूर्यहास नावाचं खड्ग मिळावं म्हणून तो दंडकारण्यात बांबूच्या बेटात तप करत बसलेला. लक्ष्मण फिरत फिरत तिथे येतो, प्रकट झालेलं खड्ग त्याच्या हाती लागतं, धार पाहावी म्हणून तो ते बांबूंवर चालवतो आणि आत बसलेल्या मुलाचं डोकं उडतं. आई मुलासाठी जेवण घेऊन येते. तिला काय दिसतं ते मी सांगायला नको.

पुढे तीच आई त्या दोघा राजपुत्रांना पाहून मोहात पडते, नाकारली जाते, आणि नवऱ्याकडे जाऊन मुलाच्या वधाचा आक्रोश करते. विमलसूरी तिला निर्दोष करत नाही. पण तिचं नाक कुणी कापत नाही. युद्ध सुरू होतं ते बापाने मुलासाठी पुकारलेलं. त्याच्या मदतीला मेव्हणा रावण येतो, आणि वाटेत त्याला सीता दिसते. सीताहरणाच्या मुळाशी एका आईचा मेलेला मुलगा आहे. ही कथा तिथेच थांबली नाही. रविषेणाने ती सातव्या शतकात संस्कृतात नेली, स्वयंभूने अपभ्रंशात. हिंदू परंपरेतल्या आनंदरामायणातही शूर्पणखेचा मुलगा लक्ष्मणाच्या हातून मरतो. थायलंडच्या रामकियनमध्येही मरतो.

शंबूक हे नाव इथे दुसरीकडून आलेलं आहे, हे नाशकात सांगायलाच हवं. वाल्मीकीच्या उत्तरकांडात शंबूक हा तप करणारा शूद्र, ज्याचं मस्तक राम उडवतो. तिथे त्याच्यासाठी रडणारं कुणी दाखवलेलं नाही. जैन कवीने तपस्वी तोच ठेवला, तुटलेलं मस्तकही ठेवलं, आणि त्याला आई दिली, बाप दिला, मामा दिला. ज्या शहरात २ मार्च १९३० रोजी काळारामाच्या दारासमोर दलितांच्या मंदिरप्रवेशासाठी सत्याग्रह सुरू झाला, त्या शहराने हा बदल बारकाईने वाचला पाहिजे.

कुणी म्हणेल, हे भाषांतर कुठे आहे, हे तर पुनर्कथन. आक्षेप मला मान्य आहे, पण अर्धाच. शब्दाला शब्द ठेवून भाषांतर करण्याची सवय आपल्याकडे अलीकडची. कथा एका भाषेतून दुसऱ्या भाषेत जात ती अशीच. पैठणच्या एकनाथांनी भावार्थ रामायण असंच मराठीत आणलं. ते युद्धकांडात असताना त्यांचं निधन झालं आणि उरलेलं शिष्य गावबाने पुरं केलं. गेमवाले ज्याला लोकलायझेशन म्हणतात, त्यातही नावं बदलणं, विनोद बदलणं, प्रसंग तिथल्या प्रेक्षकाला रुचेल असा करणं हे सगळं चालतं. त्यांची पद्धत शब्दशः भाषांतरापेक्षा विमलसूरीच्या जास्त जवळची आहे.

शब्दाच्या निव्वळ आवाजानेही नातं जन्माला येतं, याचं एक उदाहरण ए. के. रामानुजन यांनी आपल्या ‘थ्री हंड्रेड रामायणाज’ या प्रसिद्ध निबंधात नोंदवलं आहे. कन्नडच्या एका लोककथेत रावणच गरोदर राहतो, आणि त्याला शिंक येते तेव्हा नाकातून मुलगी जन्मते. कन्नडात ‘सीत’ म्हणजे ‘शिंकला’. ती सीता. संस्कृतातली नांगराची तास कन्नडात येऊन शिंक झाली आणि खलनायक नायिकेचा बाप झाला. सीता रावणाची मुलगी ही कल्पना त्याआधीही होतीच, आणि तीही आपल्याच महाराष्ट्री प्राकृतात सापडते: संघदासाच्या ‘वसुदेवहिंडी’त ती रावण-मंदोदरीची टाकून दिलेली मुलगी आहे. नवव्या शतकात राष्ट्रकूटांच्या राज्यात गुणभद्राने उत्तरपुराणात हेच सांगितलं. त्याच्या कथेत दशरथ वाराणसीचा राजा आहे आणि सीताहरण तिथल्याच उपवनातून होतं. म्हणजे नाती बदलता बदलता पंचवटीच पुसली गेली. ज्यांना या सगळ्याचा एकत्र शोध घ्यायचा असेल त्यांनी फादर कामिल बुल्के यांचा ‘रामकथा’ हा १९५० चा हिंदी ग्रंथ काढावा. बेल्जियममधून आलेल्या या माणसाने केलेलं काम पाहून मी दर वेळी नतमस्तक होते.

पण पंचवटी पुसली गेली तरी आपला जिल्हा जैन रामकथेतून बाहेर गेलेला नाही. बागलाणात मांगीतुंगीला जा. २०१६ साली तिथे ऋषभदेवांची १०८ फुटी मूर्ती उभी राहिली म्हणून हल्ली गर्दी असते. पण जैन परंपरेत ते डोंगर त्याच्या फार आधीपासून राम, हनुमान, सुग्रीव यांचं निर्वाणस्थान आहेत. आणि रावणाच्या घरच्यांचं काय झालं? या परंपरेत कुंभकर्ण आणि इंद्रजित युद्धात मरत नाहीत. पकडले जातात, रावणाच्या मृत्यूनंतर सुटतात आणि दीक्षा घेतात. दिगंबर जैन त्यांचं निर्वाण बडवानीजवळच्या चूलगिरीवर मानतात. मंदोदरीही दीक्षा घेते. आणि तिच्याबरोबर चंद्रनखा. जिच्या नाकाची गोष्ट आपण तपोवनात सांगतो, तीच बाई दुसऱ्या भाषेत, मुलगा, नवरा आणि भाऊ गमावल्यावर, साध्वी झाली.

तरुण मंडळींपैकी कुणी उद्या गेमचं भाषांतर करायला बसेल. मराठीत गेम येतील, पुण्यासारख्या ठिकाणी आपल्या पुराणांवरचे गेम तयारही होत आहेत. त्यांना माझं सांगणं एवढंच आहे की पहिलं वाक्य लिहिण्याआधी खलनायकाची वंशावळ काढा. नायकाची सगळेच काढतात. तो कुणाचा मुलगा, कुणाचा मेव्हणा, कुणाचा मावसभाऊ हे मूळ लेखकाला विचारा. विचारता येत नसेल आणि मूळच मोघम असेल, तर मराठीतही मोघम ठेवण्याची वाट शोधा. ‘आमच्यातला’ म्हणा, ‘घरचा’ म्हणा. वाक्य अडलं म्हणून मामा चिकटवू नका. आणि बदल करायचाच असेल तर विमलसूरीसारखा करा: संपूर्ण, परिणामांसकट, त्या नात्यातून येणारं दुःख अंगावर घेऊन. बाउझरच्या सात मुलांना बाप नाकारला गेला, पण त्यानंतर ती कुठून आली, कुणाची, हे कुणी रचलं नाही. माझी तक्रार आहे ती तिथे.

नाशिककरांकडे मात्र माझी एक मागणी आहे. तपोवनात येणाऱ्या यात्रेकरूला फक्त नाक कापल्याची जागा दाखवली जाते. तिथे एक पाटी लावावी, मराठीत आणि प्राकृतात, आणि तिच्यावर एवढंच लिहावं: शूर्पणखा. विश्रवा आणि कैकसी यांची मुलगी. रावण, कुंभकर्ण, बिभीषण यांची बहीण. विद्युज्जिह्वाची विधवा, त्याला रावणाने मारलं. खराची मावसबहीण. महाभारतात खराची जुळी बहीण. जैन रामायणात चंद्रनखा, खराची बायको, शंबूकाची आई, शेवटी साध्वी. पाटीचा खर्च वर्गणीतून होईल, आणि पहिली वर्गणी माझ्या आजच्या मानधनाची.